जुलै महिन्याचे पान

मराठी समीक्षकांनी अद्याप दखल न घेतलेला एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला प्रकल्प अहवाल म्हणतात. सत्तर-ऐंशी पाने, जाड पुठ्ठा, मुखपृष्ठावर निळा समुद्र, हिरवे माड आणि त्यांच्यामध्ये अजून न बांधलेली पांढरीशुभ्र इमारत. कादंबरी लिहिणाऱ्याला आपल्या पात्राचा साधा निर्णयही वाचकाला पटवून द्यावा लागतो. अहवाल लिहिणाऱ्यावर एवढे बंधन नसते. त्याच्या गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला असतो. कर्ज मंजूर व्हायचे असते. त्या शेवटापासून मागे मागे येत तो खोल्या किती भरतील, भाडे किती मिळेल आणि खर्च किती होईल हे ठरवत जातो. बँकेच्या नोकरीत असे अहवाल वाचण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. त्यात साखर कारखान्याचे अहवाल असत, थंडगोदामांचे असत, इस्पितळांचेही असत. पण सर्वांत रसाळ अहवाल हॉटेलांचे, हे मी आजही शपथेवर सांगेन.

हा विषय आज काढण्याचे कारण उघड आहे. कोकणच्या किनाऱ्यावर सध्या हॉटेलांचे पीक जोमात आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर धावू लागली. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, सीमेपलीकडे गोव्यातल्या मोपा येथून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी आली. एवढे सगळे झाल्यावर मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यातल्या आंब्या-माडाच्या बागांना मागणी आली नसती तरच नवल. मागणी येते ती दोन रूपांत. कुणी बाहेरचा प्रवर्तक जमीन विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने मागतो, नाहीतर घरातलाच उत्साही मुलगा म्हणतो, जमीन तारण ठेवू आणि आपणच हॉटेल बांधू. दोन्ही प्रसंगी ओसरीवर तोच जाड पुठ्ठ्याचा अहवाल येतो. तो कसा वाचावा, हे मात्र कुणी सांगत नाही.

कागदावरचे हॉटेल

समजा, मालवणच्या आसपास साठ खोल्यांचे हॉटेल व्हायचे आहे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी धरले आहेत. कुठल्या एका हॉटेलचे नाहीत. जमीन, बांधकाम, सामानसुमान मिळून खर्च ४० कोटी रुपये. त्यात प्रवर्तकाचे १५ कोटी आणि बँकेचे २५ कोटी. व्याज दहा टक्के, फेड दहा वर्षांत. म्हणजे हॉटेल सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी अडीच कोटी मुद्दल आणि अडीच कोटी व्याज असे पाच कोटी रुपये बँकेला द्यायचे.

हॉटेल व्यवसायात जगभर एक जुना ठोकताळा वापरतात. एका खोलीमागे जेवढे हजार रुपये गुंतवले असतील, तेवढे रुपये रोजचे सरासरी भाडे मिळाले पाहिजे. आपल्या हॉटेलात खोलीमागे साधारण ६६ लाख ६७ हजार रुपये पडतात. म्हणजे रोजचे भाडे सुमारे ६,६७० रुपये हवे. अहवाल लिहिणाऱ्याला हा ठोकताळा पाठ असतो. म्हणून तो भाडे धरतो ७,००० रुपये आणि वर्षभर सरासरी ७० टक्के खोल्या भरतील असे लिहितो. साठ खोल्यांच्या वर्षाला २१,९०० रात्री होतात. त्यातल्या १५,३३० विकल्या जातात. भाड्याचे उत्पन्न १० कोटी ७३ लाख. खाण्यापिण्याचे आणि इतर उत्पन्न भाड्याच्या ४० टक्के धरले की आणखी ४ कोटी २९ लाख. एकूण १५ कोटी २ लाख. खर्च साठ टक्के, उरले सुमारे सहा कोटी. देणे पाच कोटी. पहिल्याच वर्षी रुपयाच्या हप्त्यामागे एक रुपया वीस पैसे हाताशी. पुढे व्याज घटत जाते, त्यामुळे दहा वर्षांची सरासरी, प्राप्तिकर बाजूला ठेवला तर, दीड रुपयाच्या वर जाते. कर्जफेडीच्या क्षमतेचे हे गुणोत्तर दीडच्या आसपास दिसले की बँकेतल्या माणसाचा चेहरा सैल होतो. अहवाल लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

शेवटी एक कोष्टक जोडलेले असते : उत्पन्न दहा टक्क्यांनी घटले तर काय, खर्च पाच टक्क्यांनी वाढला तर काय. दहाच टक्के का, असे विचारले तर सल्लागार म्हणतो, तशी पद्धत आहे.

पंचांगातले हॉटेल

आता हेच हॉटेल आपण कोकणच्या पंचांगात ठेवून पाहू. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस पावसाचे. मे महिना संपता संपता जलपर्यटन बंद होते ते ऑगस्टअखेरपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडी जात नाही, पाण्याखालची प्रवाळे पाहायला कुणी उतरत नाही. या दिवसांत वीस टक्के खोल्या ४,००० रुपयांनी गेल्या, असे उदार मनाने धरू. दिवाळी, नाताळ, नवे वर्ष, मेची सुटी आणि जोडून आलेल्या सुट्या मिळून ९० दिवस तेजीचे. तेव्हा ८५ टक्के खोल्या ८,००० रुपयांनी भरतील. उरलेले १५३ दिवस मधले. शनिवार-रविवार बरा आणि मंगळवार-बुधवार शुकशुकाट, म्हणून ४५ टक्के खोल्या ६,००० रुपयांनी.

बेरीज करा. पावसाळ्याचे ५९ लाख, तेजीचे ३ कोटी ६७ लाख, मधल्या दिवसांचे २ कोटी ४८ लाख. भाड्याचे उत्पन्न ६ कोटी ७४ लाख. खाण्यापिण्याचे त्याच प्रमाणात धरून एकूण ९ कोटी ४३ लाख. वर्षाची सरासरी भरती साडेशेहेचाळीस टक्के. अहवालातले उत्पन्न १५ कोटी होते. ते ३७ टक्क्यांनी घटले.

पण खरी मेख उत्पन्नात नाही, खर्चात आहे. हॉटेलचा बराच खर्च गिऱ्हाईक आले काय नि न आले काय, होतोच. आचारी, व्यवस्थापक, पहारेकरी, विजेचा किमान आकार, विमा, दुरुस्ती, खाऱ्या वाऱ्याने गंजणारी वातानुकूलन यंत्रे. अहवालातल्या नऊ कोटींच्या खर्चात साडेपाच कोटी असे ठाम असतील, तर उरलेलाच काय तो उत्पन्नाबरोबर कमी होणार. म्हणजे नव्या हिशेबात खर्च सुमारे ७ कोटी ७० लाख आणि शिल्लक १ कोटी ७३ लाख. उत्पन्न ३७ टक्क्यांनी घटले आणि शिल्लक ७१ टक्क्यांनी. पाच कोटींचा हप्ता दूरच राहिला. अडीच कोटींचे व्याजसुद्धा निघत नाही.

कारखान्याचा माल आज विकला गेला नाही, तर गोदामात ठेवून उद्या विकता येतो. हॉटेलची न विकलेली रात्र मात्र सकाळी सहा वाजता कायमची नाहीशी होते. जुलैमधल्या रिकाम्या रात्री डिसेंबरला वापरता येत नाहीत. म्हणून हॉटेलच्या अहवालात वार्षिक सरासरीला फारसा अर्थ नसतो. बारा महिन्यांची बारा पाने मागवावीत आणि त्यातले जुलैचे पान आधी वाचावे. ज्या अहवालात ते पानच नसते, तो पुढे वाचण्याची तसदी घ्यायचे कारण नाही.

गर्दी आणि गिऱ्हाईक

मागणीचा पुरावा म्हणून अहवालात हमखास दोन गोष्टी असतात : रेल्वेची प्रतीक्षायादी आणि जत्रांची गर्दी. कोकणाबाहेरच्या सल्लागाराला ती गर्दी पाहून भरून येते. गणपतीला सुटणाऱ्या जादा गाड्या खच्चून भरतात, हे खरेच आहे. पण त्यातला चाकरमानी आपल्या घरी जात असतो. तो हॉटेलात उतरला, तर गावात काय बोलतील, याची त्याला जास्त धास्ती. आंगणेवाडीच्या जत्रेला लाखो माणसे येतात, दर्शन घेतात आणि रात्रीत परततात. किल्ला पाहायला आलेली शाळेची सहल दुपारी वडापाव खाऊन पुढे जाते. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आणि जो खरा मुक्कामी पर्यटक मोपाला उतरतो, त्याला उजवीकडे गोवाही आहे आणि डावीकडे आपणही आहोत. गोव्यात हजारो खोल्या मंदीच्या दिवसांत भाव पाडून बसलेल्या असतात. आपल्या ७,००० रुपयांची स्पर्धा शेजारच्या गावाशी नसून त्यांच्याशी असते, हे वाक्य मी एकाही अहवालात वाचलेले नाही.

मग खरी भरती कळायची कशी? जुन्या बँकवाल्यांची एक रीत होती. आसपासच्या हॉटेलवाल्याला धंदा कसा आहे हे विचारायचे नाही, कारण तो कर्ज मागत असेल तर वाढवून सांगतो आणि करखात्याची भीती असेल तर कमी करून. त्याऐवजी त्याच्या चादरी धुणाऱ्याला भेटायचे. महिन्याला किती चादरी आणि किती टॉवेल धुतले जातात? गॅसचे सिलिंडर किती लागतात? पावसाळ्यातले विजेचे बिल आणि मेमधले बिल यांत फरक किती? अशा दोन दिवसांच्या चौकशीतून निघणारा आकडा सल्लागाराच्या सहा महिन्यांच्या सर्वेक्षणापेक्षा खरा निघतो. त्याला खर्च म्हणावा तर एसटीचे तिकीट आणि चार कप चहा.

अहवालात आणखी एक सोंग असते. दहाव्या वर्षाच्या रकान्यात हॉटेल आणि जमीन विकली, असे धरून मोठी रक्कम जमा दाखवतात आणि गुंतवणुकीवरचा परतावा सतरा-अठरा टक्क्यांवर नेतात. त्या रकान्यावर बोट ठेवून झाकले की परतावा किती राहतो ते पाहावे. जर सारा नफा जमिनीच्या भाववाढीतूनच येत असेल, तर तो जमिनीचा धंदा झाला. त्यासाठी आचारी ठेवायची गरज नाही, आणि ज्याची जमीन आहे त्यानेच ती राखली तर भाववाढ त्याच्याच घरात राहते.

मोठ्यांचे काय झाले

कुणी म्हणेल, हे छोट्यांचे रडगाणे. मोठ्या नावांना अशी अडचण येत नाही. तसेही नाही. लीला समूहाने मुंबई, बंगळूर, गोवा येथे नाव कमावले होते. पुढे दिल्ली आणि चेन्नईतल्या महागड्या हॉटेलांसाठी काढलेले कर्ज इतके जड झाले की २०१९ मध्ये चार हॉटेले सुमारे ३,९५० कोटी रुपयांना ब्रुकफिल्ड या परदेशी गुंतवणूकदाराला विकावी लागली. सेवेत खोट नव्हती, खोल्याही भरत होत्या; कर्जाचे वजन खोल्यांना पेलत नव्हते. मुंबई विमानतळाशेजारचे हयात रीजन्सी जून २०२१ मध्ये बंद झाले, कारण मालक कंपनीकडे पगारालाही पैसे नव्हते. करोनाच्या टाळेबंदीने २०२० साली सगळ्याच हॉटेलांना एकदम जुलै महिना दाखवला. ज्यांच्या डोक्यावर कर्ज कमी होते ते टिकले. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, सरकारने २०२१ मध्ये तातडीच्या कर्जहमीची योजना या व्यवसायाला लागू केली. पण सवलत म्हणजे माफी नव्हे, व्याज चढतच होते.

याच्या दुसऱ्या टोकाला मुंबईचे ताजमहाल हॉटेल आहे. ते १९०३ साली उघडले, गेट वे ऑफ इंडिया बांधून पूर्ण होण्याच्या एकवीस वर्षे आधी. पहिल्या महायुद्धात त्याचे रुग्णालय झाले. पुढे किती मंदी, किती संकटे आली. हॉटेल उभे आहे. जमशेटजी टाटांनी त्यात मुख्यतः स्वतःचे पैसे घातले होते आणि त्या पैशाला दर तीन महिन्यांनी हप्ता मागायची सवय नव्हती. हॉटेल ही पन्नास-शंभर वर्षांची वस्तू आहे. ती दहा वर्षांच्या उसन्या पैशावर उभी केली की पहिल्याच वाईट पावसाळ्यात ती दुसऱ्याची होते.

हरते कोण

प्रवर्तकाचे पंधरा कोटी बुडाले तर तो बघून घेईल, आपल्याला काय, असे वाटणे साहजिक आहे. पण कर्ज हे बँकेच्या मालकाच्या खिशातून जात नसते. कोकणात अशा कामांना सहकारी बँका आणि पतसंस्था पैसा देतात. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तेवढाही नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा एकाच बांधकाम समूहाला दिलेल्या कर्जापायी पेन्शनर मंडळी बँकेच्या दारात रडताना आपण पाहिली. फुगवलेल्या अहवालाचा शेवटचा वाचक हा असा ठेवीदार असतो.

त्याच्या आधी हरतो तो जमीनवाला. शिरोड्याजवळ वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन घेण्याचा विषय १९९० च्या दशकात निघाला आणि पुढची तीन दशके तो विरोध, मोजणी आणि वाटाघाटी यांत फिरत राहिला. त्या काळात तिथे जन्मलेली मुले आता स्वतः संसारी झाली. अडकलेल्या जमिनीवर या तीस वर्षांत जे होऊ शकले असते, त्याचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो.

तिसरा रकाना पाण्याचा. खोलीमागे रोज ५०० लिटर धरले, तरी साठ खोल्यांना ३०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. हॉटेल सर्वांत जास्त भरते मे महिन्यात, आणि विहिरी सर्वांत खाली जातात त्याही मे महिन्यात. अहवालात 'पाणी : स्थानिक स्रोतांतून' एवढे तीन शब्द असतात. त्या स्थानिक स्रोतावर शेजारणीची घागर आधीपासून उभी असते.

मग बांधूच नये काय?

असे मी म्हणत नाही. कोकणातल्या तरुणांना गावात काम हवे, आणि पर्यटनाइतके जवळचे काम दुसरे नाही. फक्त आकार ऋतूला बेताचा हवा. वरच्या हिशेबातल्या हॉटेलला वर्षाकाठी १ कोटी ७३ लाख सुटतात. रुपयामागे एक रुपया तीस पैसे हाताशी ठेवायचे म्हटले, तर ते सुमारे साडेसहा कोटींचे कर्ज पेलते. मागितले होते पंचवीस कोटी. हे उत्तर ऐकून प्रवर्तक रागावेल. पण कर्ज साडेसहा कोटींपुरतेच ठेवले, तर बहुधा तो पुढच्या दहा वर्षांत झोपू शकेल.

त्याहून लहान नमुना तारकर्लीत डोळ्यांसमोर आहे. राहत्या घराला जोडून तीन-चार खोल्या, निवास-न्याहारी योजनेखाली नोंदणी, घरच्या बाईच्या हातची मासळी आणि सोलकढी. जूनमध्ये पाहुणे थांबले की कुटुंब शेतात लावणीला जाते. पगारपत्रक नाही, म्हणून ठाम खर्च नाही. ठाम खर्च नाही, म्हणून जुलैची भीती नाही. याला कुणी प्रकल्प म्हणत नाही, त्यामुळे त्याचे उद्घाटन होत नाही. पण फायद्यात चालणाऱ्या पर्यटनाचा आपल्याकडचा सर्वांत सिद्ध हिशेब हाच आहे.

बँकांनी दोन गोष्टी कराव्यात. शेतकऱ्याच्या पीककर्जाचा हप्ता हंगामाला बांधलेला असतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलचाही तसाच बांधावा. जानेवारीत आणि मेअखेर मोठा, पावसाळ्यात फक्त व्याज. आणि दहा टक्के घटीच्या कोष्टकाऐवजी एक संपूर्ण हंगाम बुडाला तर काय होईल, याचे उत्तर मागावे. चक्रीवादळ, साथ, रखडलेला रस्ता यांपैकी काहीतरी दहा वर्षांत एकदा येतेच. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. ते दोन-चार वर्षांत पुरे होईल, असे धरून ज्यांनी अहवाल लिहिले, त्यांचे हिशेब रस्त्यानेच बुडवले. बांधकाम एक वर्ष लांबले, तर पंचवीस कोटींवर अडीच कोटी व्याज एकाही पाहुण्याने पाऊल टाकण्याआधी चढलेले असते.

जमीनवाल्यांना माझे सांगणे याहून सोपे आहे. शक्यतो विकू नका, भाडेपट्ट्याने द्या. भाड्याबरोबर हिस्सा मागायचा तर नफ्यात मागू नका, कारण नफा कागदावर नाहीसा करता येतो. एकूण उत्पन्नात मागा, दोन-तीन टक्के का होईना. हॉटेल बंद पडले तर जमीन किती दिवसांत मोकळी होऊन परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. नोकऱ्या देऊ असे म्हणाले तर पावसाळ्यातही देणार का, हे विचारा. आणि सही करायच्या आधी तो जाड पुठ्ठ्याचा अहवाल गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून किंवा पोस्टमास्तराकडून वाचून घ्या. त्यातले तांत्रिक शब्द कळले नाहीत तरी चालेल. समोरच्या गृहस्थाला एवढेच म्हणायचे, साहेब, बाकीचे राहू द्या. जुलै महिन्यात किती खोल्या भरणार, ते आकड्यात लिहून द्या आणि त्याखाली तुमची सही करा.